घोडा सोड

२ मार्च

—आणि स्क्वॉटमधून वर येताना मध्येच अडकले. गुडघे आत वळले. मेरीम आणि अगायनी दोन्ही टोकांनी बार धरून स्टँडवर ठेवला. मी जमिनीवर बसून हसत होते. इतकं वजन पाठीवर कधी घेतलंच नव्हतं!

सादिरबेक अगाय, आमचे सर, हसले नाहीत. प्रशिक्षक हसत नाहीत. "पोरी, खाली जायला तुला येतं. वर यायला घोडा सोडावा लागतो."

कसला घोडा, ते सांगितलं नाही.

४ मार्च

वीस तारखेला निवड. आमच्या वजनगटातून एकच जण राजधानीत, बिश्केकला जाणार — मेरीम किंवा मी. पॉवरलिफ्टिंगच्या बाकी दोन उचलींत आम्ही सारख्या. ठरणार ते स्क्वॉटवर.

निवड झाली तर तिथल्या क्रीडाशाळेत राहायचं. नाही झाली तर मे महिन्यात कळपाबरोबर वर कुरणात. बाबांनी एवढंच सांगितलं आणि पाव चहात बुडवला.

६ मार्च

पाय रुंद, बार पाठीवर खाली, खांद्याच्या पात्यांवर. आमच्या नारिनमध्ये सगळे असेच बसतात. मेरीम म्हणाली, "तू तर चालतेससुद्धा मधे घोडा असल्यासारखी. तुला दुसरी बैठक कशाला?"

बसले झकास. उठताना पुन्हा गुडघे आत.

"घोडा सोड," अगाय.

"ती सोडेल हो अगाय," मेरीम, "पण घोड्याने सोडायला नको का?"

७ मार्च

बार पुढे, गळ्याशी. पाठ सरळ, गुडघे शहाणे. पण वजन फारच कमी पेलतं. गळ्यावर वळ पाहून आई म्हणाली, "कुणी दाबला?" म्हटलं, मीच.

८ मार्च

महिला दिनाची सुट्टी. अगायनी आम्हा दोघींना फुलं दिली. मेरीम म्हणाली, त्यापेक्षा उचलीत पाच किलो वाढवून द्यायचे.

११ मार्च

रविवार. मेंढ्यांना चारा टाकून घोडीवरून परतत होते. धाकटी माझ्यामागे बसलेली — तिला अजून स्वतःचं खोगीर नाही. उतारावर घोडी बर्फावरून घसरली. क्षणभरच. पण माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. मी काही ठरवलं नव्हतं.

नीट चालताही येत नव्हतं तेव्हा मला खोगिरावर बसवलं. भीती वाटली की आवळ, एवढंच या पायांना शिकवलंय. बारखाली तळाला पोचले की भीती वाटतेच. आणि मी नसलेल्या घोड्याला घट्ट धरते!

तिथेच ओरडले. घोडीने कान मागे टाकले. धाकटी म्हणाली, "ताई, पडायचं असेल तर आधी मला उतरव."

पण पाय जवळ घेतले तर? मधे घोडा मावणारच नाही. आवळणार काय?

१२ मार्च

पाय जवळ, बार उंच, मानेच्या खाली. घोटे वाकत नाहीत, म्हणून अगायचे लाकडी टाचांचे जुने बूट, पुढे लोकर कोंबून. मेरीम म्हणाली, "आजोबांचे बूट घालून कुणाच्या लग्नाला?"

पण गुडघे! सरळ, पावलांच्या दिशेने. वर आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. रुंद बैठकीपेक्षा रस्ता लांब आहे. पोटऱ्या पेटल्यात. तरी उद्या कधी उजाडतं असं झालंय.

अगायनी वाकून माझे गुडघे पाहिले. "आपल्याकडे असं कुणी करत नाही."

"माहीत आहे."

"बरं. बूट नंतर परत कर."

१९ मार्च

उद्या. बुटांत नवी लोकर कोंबून ठेवली.

२० मार्च

मेरीम आधी. रुंद, देखणी बैठक, सहज उठली. तिचा आकडा पाहून मी अडीच किलो जास्त सांगितले. अगायनी डोळे मिटले.

खाली गेले. भीती तळाशी होतीच. मांड्यांनी घोडा शोधला. मधे काहीच नव्हतं. वर आले.

तिन्ही पंचांचे पांढरे दिवे — उचल मान्य!

मेरीमने मिठी मारली. रडत होती. कानात म्हणाली, "ते बूट मी जाळणार आहे." मग स्वतःच वाकून माझ्या नाड्या सोडल्या.

बाबांना फोन केला. मागे मेंढ्या ओरडत होत्या. "हं," म्हणाले. "उद्या नोरूझचा सण आहे. आजच घरी ये."

२१ मार्च

सकाळी तबेल्यात गेले. बाबा माझ्या आधीच येऊन गेले होते. माझं खोगीर जागेवरच होतं. रिकिबी आखूड केलेल्या — धाकटीच्या पायांएवढ्या.