एक्केचाळीस वेळा वाचलेल्या मामास

चंद्रपूर, सोमवार
(तेंदूपानांच्या खरेदीची फळी लागायला पंधरा दिवस बाकी)

तीर्थरूप डोमामामास करिश्माचा जोहार. सोमारी मामीलाही जोहार, आणि आईला निरोप की मी दोन्ही वेळ जेवते, उन्हात हिंडत नाही आणि केस कापलेले नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? मोती कुत्र्याचा कान भरून आला का? लाल शेळीने या खेपेला किती पिल्लं दिली? इकडे उन्हाने कहर केला आहे, दुपारी नळाच्या पाण्यात चहाची पत्ती टाकावी आणि प्यावं. पत्रास कारण मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर तू पुढचं ऐकायला बसणार नाहीस, हे मी लहानपणापासून ओळखून आहे. (दिव्यावहिनी, तू अंगणवाडीत पोरांना गोष्ट वाचून दाखवतेस तसंच हे मामाला सावकाश वाचून दाखव. मधे मामा उठायला लागला तर चहा ठेव. कंसातलं मात्र मोठ्याने वाचू नकोस.)

तू म्हणशील, पोरीने फोन सोडून पत्र काऊन लिहिलं. मामा, आपल्या गावात रेंज येते ती फक्त घरामागच्या मोहाच्या दुसऱ्या फांदीवर. मी आता सेफ्टीची विद्यार्थिनी आहे. पट्टा बांधल्याशिवाय माणसाला उंचीवर चढवायचं नाही, असं मी परीक्षेत आठ मार्कांना लिहून आले. आणि मग माझी खुशाली ऐकायला माझ्याच मामाला बिनपट्ट्याचं उंचीवर लुंगी खोचून बसवायचं? मनाला पटेना. म्हणून हे पत्र एटापल्लीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे.

हा कोर्स नेमका कसला, हे तू गावात सगळ्यांना पोलीसभरती म्हणून सांगतोस असं कळलं. पोलीसभरती नाही. कारखान्यात, खाणीत, बांधकामावर माणूस सकाळी जसा गेला तसाच संध्याकाळी घरी यावा, एवढंच पाहायचं काम. कुठे काय पडेल, कुठे कोण घसरेल, कुठल्या धुराने कुणाची छाती भरेल, हे घडायच्या आधी ओळखायचं. शिकवणारे नूर मोहम्मद सर कोळसाखाणीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जिना चढताना कठडा धरतात, खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघतात, आणि वर्गातला पंखा आवाज करायला लागला की आम्हा बावीस जणांना भिंतीकडे सरकवून शिकवतात. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. तिसऱ्या आठवड्यात आम्हीही तसेच झालो.

माझं तर जरा जास्तच झालं, हे कबूल करते. खोलीत माझ्यासोबत राजुऱ्याची अमरीन राहते. तिची ओढणी मशीनमध्ये अडकू शकते म्हणून मी तिला रोज टोकायची. (खोलीत मशीन नाही.) मग मी मेसकडे वळले. मेस चालवणाऱ्या अंजनाबाईंच्या कुकरवर मी लाल अक्षरांत ‘धोका: दाबाखालील भांडे’ अशी चिठ्ठी लावली, पोळपाटाखाली घसरू नये म्हणून रबर ठेवलं आणि फोडणी देताना चष्मा घालावा अशी लेखी सूचना दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात बिनफोडणीचं वरण आलं, तिसऱ्या दिवशीही आलं, आणि चौथ्या दिवशी मी माझी चिठ्ठी माझ्याच हाताने काढून घेतली. आपण बरोबर असलो तरी जेवण दुसऱ्याच्या हातात असतं, हे पुस्तकात दिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एक कामाची जागा निवडायची आणि तिथली ‘निअर मिस’ची वही करून द्यायची. निअर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात: वीट पडली पण डोक्याच्या बाजूला पडली, पाय घसरला पण माणूस सावरला. पोरं कुणी आरा मशीनवर गेली, कुणी गिट्टीच्या खदानीवर, आणि सगळी हात हलवत परत आली. कुठेच कुणी कधी घसरलेलंच नाही, मामा. जिकडे विचारावं तिकडे ‘आमच्याकडे असं काही होत नसतं’. अमरीनला एका सुपरवायझरने हेच सांगितलं तेव्हा त्याच्या हाताला पट्टी होती.

मला मात्र काळजी नव्हती. मला तू होतास. तिकडे लोक लपवतात, आपल्याकडे तर मोहाच्या झाडाखाली बसून याच गोष्टी चघळतात. ज्याच्या अंगावर जितके व्रण तितका तो मोठा माणूस, आणि त्या हिशेबाने तुझ्याएवढा मोठा माणूस तालुक्यात नाही. मी तीन दिवस आठवून आठवून लिहिलं. तू मोह वेचत वाकलेला आणि झाडाच्या त्या बाजूला अस्वलही वाकलेलं, दोघांनी एकदम मान वर केली, ते लिहिलं. आग्या मोहोळ उठलं तेव्हा तू नाल्याच्या डोहात नाक तेवढं वर ठेवून दुपार काढलीस, ते लिहिलं. हेमराजच्या बैलाने तुला कुंपणापलीकडे पोचवलं, ते तारखेसकट लिहिलं. (तेविसावी नोंद मामीच्या उलथन्याची आहे. ते तिने नेम धरूनच चुकवलं असं ती म्हणते. हे अजिबात वाचू नकोस, वहिनी.) आणि एक्केचाळिसावी नोंद दिवाळीची. तू दुसऱ्या फांदीवरून माझ्याशी बोलत होतास, नाल्यात केवढा मासा सापडला ते सांगत होतास, आणि तो केवढा ते दाखवायला तू दोन्ही हात सोडलेस. फोनवर, मामा! मला दिसणार होतं थोडंच? लुंगी खालच्या फांदीत अडकली म्हणून तू वाचलास आणि गाव आठवडाभर हसलं.

वहीसोबत एक फॉर्म होता. कामाच्या जागेचं नाव विचारलं, मी ‘डोमा वनोपज केंद्र’ लिहिलं. कामगार चौदा लिहिले, म्हणजे आपल्या टोल्यातली, आपल्या वस्तीतली, तुझ्यासोबत मध आणि मोहाची फळं, टोळी, काढायला जाणारी सगळी माणसं. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आहे का, असं विचारलं होतं. आहे, दिवसरात्र चालू, असं मी मोतीला स्मरून लिहिलं. आपत्कालीन दरवाजे दोन: एक समोरचा, दुसरा शेळ्यांनी कुंपणात पाडलेला. प्रथमोपचार पेटी म्हणून मामीचा हळदीचा डबा. दोर दर महिन्याला तपासला जातो का, याला ‘होय’. हेल्मेट आहेत का, यालाही मी ‘होय’ लिहिलं, कारण तोपर्यंत हात ‘होय’ला सरावला होता.

वर्गात सगळ्यात जाड वही माझी. मला वाटलं, आता कौतुक होणार. सरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, एका मोठ्या अपघाताच्या आधी असे कितीतरी लहान प्रसंग खुणावून जातात; एक्केचाळीस खुणा झालेली जागा मी नोकरीत असतो तर त्याच दिवशी बंद केली असती. माझं तोंड एवढंसं झालं. वहीवर पास-नापास ठरतं, आणि पास झाले तरच सूरजागडकडच्या एका कंपनीच्या मुलाखतीला माझं नाव जाणार आहे. म्हणजे घरापासून दोन तासांवर नोकरी. तेवढ्यात सरांनी विचारलं,

“पन बेटी, मले एक सांग. येवढ्यांदा मरता मरता राह्यला, तं हा माणूस वाचला काऊन? आन् ह्या चौदातला एकही कसा पडला नाई?”

मग मी तू झाडाखाली काय करतोस ते सांगितलं. चढायच्या आधी तू सगळ्यांना गोल उभं करतोस आणि एकेकाला विचारतोस, “झोप झाली का? घरी कोनासंग भांडलास का? घेतली तं नाई ना? डोळ्यापुढं अंधारी तं येत नाई?” ज्याचं उत्तर वाकडं आलं तो त्या दिवशी खाली दोर धरतो. त्याला कुणी हसत नाही आणि त्याचा वाटा कमी होत नाही. खोटं बोललेला कळला तर मात्र त्या मोसमात त्याला दोरसुद्धा मिळत नाही.

सरांनी विचारलं, ही रीत कधीपासून. आणि मामा, मला तिथे रडू आलं, बावीस जणांसमोर. ही रीत माझ्या बाबांपासूनची. त्या सकाळी आईशी तीळभर गोष्टीवरून भांडून ते एकटेच मधाच्या कड्यावर गेले आणि परत आले ते चौघांच्या खांद्यावर. त्यांना त्या दिवशी कुणी काही विचारलं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते. पुढच्या मोसमात तू पहिल्यांदा सगळ्यांना गोल उभं केलंस, तेव्हा मला तुझा राग आला होता, की मामा आता विचारून काय करतो. त्या रागाची मी आज तुझ्याकडे माफी मागते. मी वहीत बेचाळिसावी नोंद केली. ती निअर मिस नाही, पण तिच्याशिवाय ती वही खोटी होती.

सरांनी ती वाचली. मग म्हणाले की खाणीत पाळी सुरू व्हायच्या आधी हेच विचारावं म्हणून त्यांनी आयुष्यभर डोकं फोडलं, आणि लोक कागदावर सही करून खाली उतरायचे. वहीचा निकाल राखून ठेवला आहे. येत्या गुरुवारी ते आम्हा सगळ्यांना मिनीबसमधून आपल्याकडे आणणार आहेत. तुझं ते विचारणं त्यांना डोळ्यांनी बघायचं आहे. (आणि फॉर्मसुद्धा सोबत घेणार आहेत.)

बाकी सर्व ठीक. मोठ्यांना जोहार, लहानांना गोड पापा, मोतीला भाकरीचा तुकडा.

तुझी भाची,
करिश्मा

ता. क. १: गुरुवारच्या आत एवढं कर. दोर खरोखर तपास. कुजला असेल तर कापून टाक, म्हणजे पुन्हा वापरायचा मोह होणार नाही. हळदीचा डबा मामीकडून एका दिवसापुरता माग आणि त्यावर लाल अधिकचं चिन्ह काढ. कुंपणाचं भोक बुजवू नकोस, ते फॉर्मवर आहे. मोती पाहुण्यांवर भुंकला तर त्याला दटावू नकोस, यंत्रणा चालू असल्याचा तेवढाच पुरावा.

ता. क. २: हेल्मेटचं मी सरांना आजच खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘होय’ खोडून ‘नाही’ लिही, त्याचे मार्क कापतो, पण खोटं लिहून एखाद्याचं डोकं फुटण्यापेक्षा ते स्वस्त. तेव्हा तू कुणाची तरी लाल बादली डोक्यावर घालून उभा राहू नकोस. मी तुला ओळखते.

ता. क. ३: आता पत्रास कारण. सर जाता जाता एकच बोलले, “आन् विचारणाऱ्याले कोन विचारते?” मामा, मागच्या बाजाराला मामीने आलापल्लीहून मला फोन केला होता. दिवाळीच्या त्या दिवशी तू नाल्यावर गेलाच नव्हतास. मासा नव्हताच. तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात सुटले, आणि ते झाकायला तू एवढा मोठा मासा पकडलास. त्यानंतरही दोनदा आली म्हणते. तुझ्याच नियमाने तुला या मोसमात दोरसुद्धा मिळायला नको, पण ते मी माफ करते. गुरुवारी तुझं सगळ्यांना विचारून झालं की मी गोलातून पुढे येऊन तुला विचारणार आहे, तेच चार प्रश्न. खरं सांग, आणि खाली उभा राहून दोर धर. मग वरचा माणूस निर्धास्त चढेल, कारण दोर तुझ्या हातात असेल. शुक्रवारी मी तुला एटापल्लीच्या दवाखान्यात नेणार आहे. नापास झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. तुझी बेचाळिसावी मला लिहायची नाही, त्या जागी बाबा आहेत. त्रेचाळिसावीला मी वहीत पान ठेवलेलं नाही.

ता. क. ४, फक्त दिव्यावहिनीसाठी: इथपर्यंत वाचेस्तोवर मामा उठून गेला असेल. घरात शोधू नकोस. तो घरामागे मोहाच्या दुसऱ्या फांदीवर असेल, मला फोन लावून मी चढणार नाही असं शपथेवर सांगायला. त्याला हळूच खाली उतरव. मी फोन उचलणार नाही.