रुमालाखालचा भाव

बाबा, तुमचा पांढरा रुमाल गेल्या महिन्यात गावी, डोंगरकड्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत सापडला. माय म्हणाली, "घिऊन जा मुंबईला, मी काय करू त्याचं?" म्हणून आणला. आज रविवार आहे, तो धुऊन खिडकीत वाळत घातला आहे आणि मी ओट्यापाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझेही केस पांढरे व्हायला लागलेत. पण रुमाल ओला झाला तशी त्याला तुरीच्या पोत्याचा वास आला. खरंच आला की मला वाटलं, कोण जाणे.

तुम्ही मापाडी. बाजारात शेतकऱ्याचा माल काट्यावर मापायचा, हे तुमचं काम. भाव ठरवणारे दुसरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं दाबायचे, आणि ज्याची तूर तो शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे बघायचा. या प्रकाराला बंदी असल्याची पाटी भिंतीवर होती. ऊन फार लागतं म्हणून सगळे त्याच भिंतीच्या सावलीत, पाटीखालीच उभे राहून हे करायचे. तुम्हाला मात्र रुमाल कसा हलतो त्यावरून आकडा कळायचा. घरी येऊन तुम्ही हेच मायला शिकवलंत. पाहुणे आले की तिच्या पदराखाली हात घालून बोटं दाबायचात, म्हणजे जेवायला किती जण आहेत ते तिला कळावं. माय चुलीपासून मोठ्यानं विचारायची, "चार ना वं?" आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. किती हसायचो आपण! तसं घर मला पुन्हा मिळालं नाही.

मी बारावीत होते तेव्हा मामा स्थळ घेऊन आला. मी चहा गाळते आहे, मामा मुलाच्या जमिनीचं कौतुक करतो आहे, आणि तुमचा हात मायच्या पदराखाली. तिनं एक बोट दाबलं असावं, तुम्ही दोन. मी गाळणी ठेवली आणि तो पदर ओढून बाजूला केला. "माझंच चालू हाय अन् मलाच कळू देऊन न्हाई राहिले?" मला वाटलं, आता मार बसतो. तुम्ही चुलीत एक लाकूड सारलंत आणि म्हणालात, "पोरीचं बराबर हाय. माय म्हणते एक वरीस थांबू, मी म्हणतो दोन. तू सांग." मी म्हटलं, मला शिकायचंय. मामा चहा न घेताच गेला.

त्याच आठवड्यात तांड्यावरची एक बाई तूर घेऊन बाजारात आली होती. रुमाल हलला, अडत्यानं तिला भाव सांगितला, आणि तुम्ही काट्यापाशी उभं राहून मोठ्यानं म्हणालात, "बाई, ह्यो भाव न्हाई ठरला. जास्तीचा ठरलाय." बाईला तिचा भाव मिळाला. तुम्हाला त्यानंतर महिनाभर कुणी मापाला बोलावलं नाही.

आणि मी काय केलं? कॉलेजच्या फॉर्मची मुदत संपत आली होती आणि घरात फीपुरतेही पैसे नव्हते. मी तुमच्यावर चिडले. "काहून बोललात? जा, माफी मागा त्या अडत्याची." तुम्ही गेलात. परत आल्यावर हात-पाय धुतलेत, चहा मागितलात आणि मायला म्हणालात, "पोरीचं बराबर हाय." तेच शब्द. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा सुरू झाला, मी हिंगोलीला कॉलेजात गेले. त्यानंतर तुम्ही बाजारात कधी तोंड उघडलं नाही.

आता मी सरकारी खात्यात कायद्यांचे मसुदे तयार करते. याच बाजारांचं एक विधेयक येत्या अधिवेशनात जाणार आहे. आजच्या कायद्यात आहे की ठरलेला भाव शेतकऱ्यासमोर पुकारायचा आणि लगेच फलकावर लिहायचा. मागच्या आठवड्यात व्यापाऱ्यांच्या एका संघटनेचे लोक साहेबांकडे आले. काजू आले, चहा आला. बैठकीची नोंद कुठेच नाही. निघताना त्यांनी एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यात ते पुकारणं आणि तो फलक दोन्ही काढून टाकणारं कलम, स्वल्पविरामासकट तयार. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं घालून घ्या. कुठून आलं ते टिपणीत नको." साहेब वाईट माणूस नाही, बाबा. मायच्या गुडघ्यांची दर वेळी चौकशी करतो. मी टिपणीत लिहिलं, "प्राप्त सूचनेनुसार." कुणाची सूचना, ते नाही. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या म्हणे, वेबसाइटवर. तांड्यावरच्या त्या बाईच्या सुनेनं ती वेबसाइट कधी उघडायची?

मला लाज वाटते. साधी, सरळ लाज. रुमालाखाली हात घालणारे निदान आपला हात तरी घालत होते. मी नुसता रुमाल धरून उभी आहे, आणि तो धरायला मला पगार मिळतो.

विधेयक एकदा सभागृहात गेलं की ते कलम कुणी आणलं हे कुणालाच सापडणार नाही. फायली आता कॉम्प्युटरवर चालतात, पण मसुद्याची कागदी प्रत अजून टेबलांवरून फिरते. ती मी घरी आणली आहे आणि आता समोर आहे. उद्या सकाळी साहेबांकडे जाईल, तिथून वर. रुमाल वाळला, तसा मी तो घडी करून बाजूला ठेवला आणि त्या कलमाशेजारी, समासात, संघटनेचं पूर्ण नाव लिहिलं. बैठकीची तारीखही लिहिली. तुम्ही त्या दिवशी काट्यापाशी उभे होतात तसं वाटलं मला, अगदी क्षणभर.

हे पत्र इथेच कपाटात तुमच्या रुमालाखाली ठेवणार आहे. पण तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगते. नाव पेन्सिलीनं लिहिलंय, बाबा.