डावं चाक दोन सूत पुढे

सोमवार, १२ जानेवारी
शाळेतून आले तर नवरोबा संजय अजून गाडीखालीच. मेहरूणच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये नुसते पाय दिसत होते. जुनी जीप कापून ही रेसची गाडी त्याने दोन वर्षं खपून बांधली. रविवारी धुळ्याला मातीच्या ट्रॅकवर शर्यत, आणि बाईसाहेब सरळ जायला तयार नाहीत. डावीकडे ओढते, वळणावर मागून बाहेर फेकते.
दोरी ताणून मी मापं घेतली. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच पुढे. दोन्ही चाकं जोडणारा मागचा ॲक्सलच तिरका. त्याला पुढून धरणारा रॉड फिरवून सं.ने सरळ केला.
"माझंच वेल्डिंग चुकलं असेल," म्हणाला.
मी टेप गुंडाळत राहिले.

मंगळवार, १३
इथे तरी खरं लिहावं. वेल्डिंग चांगलं आहे. शनिवारी पहूरला आबांच्या रिकाम्या वावरात सराव चालला होता. सं. पेट्रोल आणायला गावात गेला आणि मी गाडीत बसले. चार फेऱ्या. बेचाळीस वर्षांची गणिताची बाई, एकटीच मोठमोठ्याने हसतेय! मग रिव्हर्स घेताना मागचं डावं चाक बांधाच्या दगडावर आदळलं. चांगलंच.
आबा कडेला उभे. माझे वडील, पण त्या वेळी वर्गातल्या मैत्रिणीसारखे. "जाऊ दे वं. मी काही पाह्यलंच नाही."
सं.ला उद्या सांगते.

बुधवार, १४. संक्रांत
तिळगूळ हातावर ठेवतानाही सांगता आलं नाही.
दुपारी तलावामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी फिरवून आणली. परत दोन सूत. सं. वैतागला की साक्रीची बोली बाहेर पडते. "बठ्ठं बराबर शे, मंग हाई असं का करस?" सगळं बरोबर, तरी ही अशी का करते, म्हणे. मग एक लाडू गाडीच्या बॉनेटवर ठेवला. दुसरा मला.

गुरुवार, १५
सकाळी तिसऱ्यांदा सरळ केला, फेरी मारल्यावर परत तिरका.
आठवीच्या वर्गात, फळ्यावर उदाहरण अर्धं असताना डोक्यात आलं. पुन्हा पुन्हा सरकतंय म्हणजे दोष रॉडमध्ये नाही, रॉड जिथे अडकवलाय तिथलं काहीतरी सैल होतंय. आणि रविवारी तो ह्याच गाडीत, भर वेगात...
मधल्या सुट्टीत फोन लावला, उचलला नाही. रिक्षाने घरी. शेडमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फेऱ्यांसकट. लिहिताना त्याला अरे-तुरे करते, तोंडावर अहो. आज 'अहो'सुद्धा राहून गेलं.
तो गाडीखाली गेला. तारेच्या ब्रशने घासल्याचा आवाज. मग, "इकडे ये. बघ."
रॉड अडकवायच्या ब्रॅकेटला तडा. नख जाईल एवढा.
"गाडी ठोकलीस त्याचं काही नाही गं. मी तीनदा बसलो हिच्यात. तू बघत होतीस."
 

शुक्र. १६
नवीन ब्रॅकेट, जाड पत्र्याचं. दिवसभर त्यातच.
 जेवताना मात्र वांग्याच्या भरताची वाटी माझ्याकडे सरकवली.

शनि. १७
पुन्हा दोरी. "किती?"
"दोन्ही बाजू सारख्या."
"नक्की?"
"नक्की."
नेहमी माझ्यामागून स्वतः एकदा मोजतो. आज नाही मोजलं, थेट नट आवळायला घेतले. मीच थांबवलं आणि परत मोजलं. सारख्याच.
प्लॉटवर दहा फेऱ्या. आल्यावर मोजलं, तसूभर हललं नाही. सं. माझ्या गालावरचं ग्रीस पुसायला गेला आणि दुप्पट करून ठेवलं. दोन दिवसांनी हसला.

रवि. १८
धुळे. नऊ गाड्यांत पाचवा. तिसऱ्या वळणावर एकदा मागून सुटली. सावरली. सरळ पट्ट्यावर मात्र अशी गेली, की शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "ही गाडी कोणाची हो?" "आमची," म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं बहुतेक.
परतताना गाडी टेम्पोत, आम्ही दोघं पुढे. पारोळ्यापर्यंत शर्यतीचंच. मग एकदम, "पहूरला कुठल्या गिअरला होतीस?"
"तिसऱ्या."
"त्या वावरात? तिसऱ्या?"
एरंडोल आलं. मग, "तिथे मागून सुटली असेल ना, तेव्हा काय केलंस?"
"ब्रेक नाही दाबला. सुटली त्या अंगाला स्टिअरिंग वळवलं, आणि सावरेपर्यंत थांबले."
"हं."
एवढंच. हं.
आत्ताच घरी पोचलो. चहा ठेवलाय, उकळतोय, आणि हा हातपाय न धुता शेडमध्ये. पान्याचा आवाज येतोय. खिडकीतून डोकावले, तर ड्रायव्हरची सीट सोडवून पुढे सरकवतोय. त्याचे पाय तर लांब.
विचारलं नाही अजून. चहा गाळते आधी.