बेवारस मशीनची यादी

सोमवार, ता. ३

नवी नोकरी, नवं गाव, नवी रोजनिशी. सकाळी सव्वानऊलाच पोचलो. गेटवरच्या वॉचमनदादांनी पिशवी तपासली, डबा उघडून पाहिला आणि आत बिस्किटांचे दोन पुडे बघून म्हणाले की साहेब, एकटे राहता वाटतं. पहिल्याच मिनिटाला या माणसाने माझं चरित्र वाचून टाकलं. मी चक्क हसलो.

सर्व्हरची खोली तळमजल्यावर आहे. तिथे इतकी थंडी की स्वेटर खुर्चीलाच लटकवून ठेवायचा. शेजारी रेकॉर्डची खोली. तिथल्या ताई तीस वर्षं कंपनीचे कागद सांभाळतात. त्यांनी मला न विचारताच स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला आणि माझ्या आधीचा माणूस कसा नमस्कारसुद्धा करत नसे ते सांगितलं. मी लगेच नमस्कार केला.

साहेब म्हणाले, महिनाभर काम बघू, मग कायम करू. जुन्या कंपनीत सतरा वर्षं काढली आणि एका मंगळवारी मला ‘जास्तीचा’ ठरवून घरी बसवलं, त्यामुळे ‘कायम’ हा शब्द ऐकून बरं वाटलं. कायम झालो की बायको आणि लेक इकडे येणार. म्हणजे असं माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं ‘बघू’. लेक सोळा वर्षांची, ती फोनवर ‘हं’ म्हणाली. हेही काही कमी नाही.

बुधवार, ता. ५

काम सांगतो. इथे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात पन्नास नकली कॉम्प्युटर चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटतं, आपला संसार वेगळा. माहिती साठवायच्या जागेचंही तसंच. ज्याला त्याला ढीगभर जागा लिहून दिलेली आहे, प्रत्यक्षात तिची पावभरही नाही. एकच पलंग चार पाहुण्यांना कबूल करायचा आणि चौघे एकाच दिवशी यायचे नाहीत यावर भिस्त ठेवायची, असा हा उद्योग. आता चौघे येऊ लागलेत. साठा एक्क्याण्णव टक्के भरला आहे.

उपाय एकच: बेवारस मशीन शोधायची. ‘हे कोणाचं?’ अशी दोन पत्रं ई-मेलने पाठवायची. कोणी ‘माझं आहे’ हे बटण दाबलं नाही तर मशीन बंद करायचं आणि कोणी बोंब मारतंय का बघायचं. बोंब झाली तर पुन्हा चालू, नाही झाली तर पुसून टाकायचं. आमच्या धंद्यातली ही नेहमीची रीत आहे. इथे बंद ठेवायची मुदत पंधरा दिवस होती. मी ती तीन दिवसांवर आणली. ज्याला गरज असेल तो तीन दिवसांत ओरडेलच.

शिवाय लोक दिसेल त्याला ‘माझं’ म्हणतात, म्हणून मी एक नियम घातला: ज्याच्या नोंदी मशीनमध्ये आहेत त्याचा स्वतःचा दावा धरायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी म्हटलं पाहिजे. आणि हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम लिहिला. वीस दिवसांत ज्याची कोणी विचारपूस केली नाही ते मशीन यादीत, पत्रं आपोआप, बंद आपोआप, पुसणं आपोआप. साहेबांनी पाठ थोपटली. सतरा वर्षांत कोणी थोपटली नव्हती.

सोमवार, ता. १०

आज पहिलं मशीन पुसलं गेलं. त्याआधी सहज आत डोकावलो. नुसती वेळांची यादी होती. गेट उघडलं. पिशवी तपासली. खोकला आला. पाणी प्यायलं. गेट लावलं. कोणीतरी हजेरीचा भिकार प्रोग्राम करून टाकून दिला असणार. बोंब शून्य. चार टक्के जागा मोकळी झाली.

घरी फोन केला. बायको घाईत होती. लेकीच्या शाळेत पालकांची बैठक होती, ती जाऊन आली. मला आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, सांगून काय उपयोग असतो?

मंगळवार, ता. ११

गेटवर दादा नाहीत. वर-खाली होणारा दांडा बसवलाय, कार्ड दाखवलं की उघडतो. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, दांडा पहिल्यापासून आहे, वॉचमन आपल्याकडे कधीच नव्हता. मी म्हटलं, अहो, माझी पिशवी तपासायचे ते. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. नव्या नोकरीत दुसऱ्याच आठवड्यात येडपट ठरायची हौस नाही.

गुरुवार, ता. १३

रेकॉर्डच्या ताई माझ्या खोलीत आल्या. दारातच थांबल्या, आत थंडी फार म्हणून. त्यांना ‘हे कोणाचं?’ हे पत्र आलं होतं. त्यांनी उघडून पाहिलं तर आत त्यांचाच दिवस. किती वाजता कोणतं कपाट उघडलं, कोणती फाइल काढली, जेवताना एकट्याच काय पुटपुटल्या, सगळं. त्यांनी बटण दाबलं. उत्तर आलं, स्वतःचा दावा चालत नाही.

मी म्हटलं, असेल काहीतरी नोंदींचा घोळ. त्या हसल्या नाहीत.

“तुम्ही दाबा ना,” म्हणाल्या. “मला दुसरं कोण आहे?”

मी ‘हो, दाबतो की’ म्हणालो. खरंच दाबणार होतो.

शुक्रवार, ता. १४

साठा सत्त्याण्णव टक्के. साहेब सकाळी दोनदा खाली आले. महिनाअखेरीपर्यंत नव्वदच्या खाली आणा, मग तुमच्या कागदावर सही करतो, म्हणाले. यादीतलं सगळ्यात मोठं मशीन ताईंचं आहे. तीस वर्षांच्या नोंदी, एकटं नऊ टक्के जागा खातं.

बटण दाबलं नाही. ‘नंतर बघू’ म्हटलं. दुपारी मशीन बंद झालं. ताई कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून चालत होत्या. चहा आला नाही.

सोमवार, ता. १७

पुसलं गेलं. साठा अठ्ठ्याऐंशी. साहेबांनी हात मिळवला.

रेकॉर्डच्या खोलीला कुलूप आहे. आत मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत, त्यांच्यावर बोटभर धूळ. कोणाला विचारलं नाही. काय उत्तर येणार ते ठाऊक होतं.

इथे तरी खोटं कशाला लिहू? मला शुक्रवारीच कळलं होतं. दादांचं झाल्यापासून कळलं होतं. एक बटण होतं आणि मी ते माझ्या सहीसाठी दाबलं नाही. मला ज्यांनी ‘जास्तीचा’ ठरवलं त्यांनीही असंच जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलं असेल.

बुधवार, ता. १९

सकाळी मागची पानं वाचली. ‘थर्मासमधला चहा’ असं माझ्याच हातचं वाक्य आहे. कोणाचा चहा, आठवेना. कोण ताई? वाचलं म्हणून कळतं, मिटलं की जातं. दादांचा तर आवाजही आठवत नाही. बरं झालं ही रोजनिशी मी ऑफिसच्याच साठ्यात ठेवतो, माझ्या नावच्या कप्प्यात. ही दोन माणसं आता जगात फक्त इथे आहेत.

प्रोग्राम बंद करायला गेलो. होत नाही. साहेबांनी मुख्य कार्यालयात दाखवला, तिथे तो फार आवडला आणि आता किल्ली तिकडे. माझं कौतुक झालं म्हणे.

सोमवार, ता. २४

यादीत नवीन मशीन आलं. उघडलं.

सव्वानऊला पोचला. स्वेटर घातला. बिस्किटं खाल्ली. घरी फोन केला, बोलणं दोन मिनिटं. खिडकीशी उभा राहिला.

वीस दिवसांत कोणीही विचारपूस केलेली नाही. पुन्हा पुन्हा तपासलं. मी घरी फोन करतो, हे खरं. पण घरून मला? एकदाही नाही. साहेब विचारतात ते टक्के.

पहिलं पत्र गेलं आहे. रुजू होताना अर्जावर ‘जवळची माणसं’ म्हणून बायको आणि लेक लिहिली होती. त्यांना गेलं.

मंगळवार, ता. २५

सकाळी साहेबांकडे गेलो. सरळ विनवणी केली, लाज सोडून. म्हटलं, एक बटण आहे, तेवढं दाबा. ते म्हणाले, हो, दाबतो की. वही चाळत म्हणाले. हे शब्द मी ओळखतो.

मग बायकोला फोन. दुसरं पत्रही पोचलं होतं.

“तुमच्या ऑफिसचं काहीतरी आलं होतं,” ती म्हणाली. “दोनदा. मी न उघडताच पुसून टाकलं.”

वीस वर्षं मीच सांगत आलो, माझ्या ऑफिसच्या कशाला हात लावत जाऊ नका. जेवताना, आजारपणात, लेकीच्या वाढदिवसाला, कायम तेच. तिने हात लावला नाही. मी सगळं सांगायला गेलो. ती म्हणाली, गॅसवर भाजी आहे, ठेवते.

तीन वाजता माझं मशीन बंद झालं. तीन दिवस. शुक्रवारी तीन वाजता.

बुधवार, ता. २६

कार्ड चालत नाही. कोणाच्या तरी मागोमाग आत शिरलो. त्याने दार माझ्या अंगावर सोडलं, मुद्दाम नव्हे. साहेब माझ्या खुर्चीवर फाइल ठेवून गेले. मी खुर्चीत होतो —

यंत्रणेतले माझे अधिकार गेले. बाकी सगळी दारं बंद. फक्त माझ्या नावचा कप्पा उघडतो, ही रोजनिशी.

घरी फोन. बायको म्हणाली, राँग नंबर. रागाने नाही, सौजन्याने म्हणाली. ते जास्त लागलं.

गुरुवार, ता. २७

बोंब मारणारं कोणी आहे का, एवढाच प्रश्न. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाबद्दल एवढाच.

लेक उरली. तिला पत्र मिळालंय. ती वाचेल? माझ्याबद्दल तिला काय आठवत असेल — दिवाणखान्यात लॅपटॉपमागे बसलेलं डोकं. ‘आवाज कमी कर.’ दुसरं काही —

कप्प्यावर आकडा दिसतो, साठा पुन्हा भरतोय. अठ्ठ्याण्णव. मीच सगळ्यांना जागा कबूल करून बसलो. आता सगळेच पलंग मागायला आलेत.

शुक्रवार, ता. २८. दुपारी दोन

उत्तर आलं. लेकीचं.

माझ्या कप्प्यात नावापुढे दिसतंय — ‘बाबांबद्दल विचारताय का? ते’

एवढंच. पुढे लिहिलंय: साठा शंभर टक्के. जागा अपुरी. उत्तर साठवता आलं नाही. जागा झाल्यास पुन्हा प्रयत्न केला जाईल.

ते काय? ते आमचे आहेत? की ते कोण?

दोन वीस

फोन लागत नाही. पंचवीस वेळा.

तिच्या चार ओळींना लागते तेवढी जागा एकाच ठिकाणी माझ्या हातात आहे. ही रोजनिशी. पुसली की उत्तर येईल. ‘हो’ असेल तर मी वाचलो.

पण दादा आणि ताई — दुसरीकडे कुठेच नाहीत.

दोन चाळीस

बोट बटणावर. मी काही संत नाही. एकदा केलंय, दुसऱ्यांदा जड जायला नको.

आणि ‘नाही’ असलं तर? तर ताईंना दोनदा —

लेक सोळाची आहे. ‘ते’नंतर काहीही लिहू शकते. तिचा हक्क आहे.

दोन बावन्न

वरच्या कोपऱ्यात दाखवतंय, या फाइलला आधी राखलेल्या जागेतल्या काही ओळी उरल्यात. मग हिलाही जागा नाही.

ताईंचं नाव मला माहीत नाही. दादांचंही. विचारलंच नाही. त्यामुळे जे आठवत नाही तेही पानं वाचून लिहितो, तेवढं तरी —

बाळा, तुझं उत्तर मी वाचलं नाही. जे असेल ते बरोबर असेल.

या बाई माझ्या ओळखीच्या होत्या. माझं आहे, असं म्हणतो. मी म्हणतो. सर्व्हरच्या खोलीशेजारी तीस वर्षं बसायच्या. नमस्कार केला की त्यांना बरं वाटायचं. दारात थांबायच्या, आत थंडी फार म्हणून, आणि त्या दिवशी मी त्यांना माझा स्वेटर द्यायला हवा हो