नव्या पाळकांचा झगा

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं गुपित फुटलं बरं का! काल आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी दुकानात आले आणि नव्या पाळकांच्या झग्यासाठी कापड अन् मापांची चिठ्ठी मशीनवर ठेवून गेले. चिठ्ठीवर नाव नाही. कोण येणार म्हणून विचारलं, तर मिशीतल्या मिशीत हसले आणि होकार आला की जाहीर करू म्हणाले. ते गेल्यावर मी चिठ्ठी वाचली आणि तुला ओळखलं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली! अगं, तुझी आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझा प्रत्येक फ्रॉक मी त्या खांद्याशी भांडत शिवला आहे. तो मला ओळखू येणार नाही असं तुला वाटलंच कसं?

तू तिकडं धर्मशास्त्र शिकतेस ते पुढं शाळेत शिकवायला, अशी माझी भाबडी समजूत. आणि आता पाळक? तीही आपल्याच मंडळीची? राग तर आलाच आहे, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटते. चाळीस वर्षं मी महिला मंडळात सांगत आले की बाईनं सेवा करावी ती हातानं, आणि व्यासपीठ पुरुषांना सोडावं. आता मीच तुझा झगा शिवायला बसू?

कापड अजून घडीतच आहे. मला शास्त्रातून पटवून दे, तुमच्या विद्यालयातल्या जाड पुस्तकांतून नको. पटलं तर कात्री उचलीन, नाही पटलं तर चिठ्ठी परत करीन. खोकला गेला का ते कळव. गरम पाणी पितेस की नुसतं हो म्हणतेस?

रागावलेली असले तरी तुझीच,
आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. सलाम वि. वि.

खोकला गेला. गरम पाणी पिते. अर्धं खरं आहे.

आत्या, चुकले. चिठ्ठीवर नाव घालू नका असं सेक्रेटरींना मीच सांगितलं होतं. तुला समोर बसून सांगायचं ठरवलं होतं, पण गेल्या सुट्टीत आले तेव्हा तुझा महिला मंडळातला तोरा पाहून जीभ टाळ्याला चिकटली. आणि माझा वेडेपणा बघ. इथल्या शिंप्याला मी स्वतःच बजावलं की डावा खांदा नीट मोजा, नाहीतर शिवणाऱ्या बाई नावं ठेवतील. तुझ्या धाकानंच मी पकडली गेले.

आता शास्त्रातलं. पहिल्याच पानावर देवानं नर आणि नारी अशी दोघं आपल्या प्रतिरूपाची केली. पुरुषाला पुरतं आणि बाईला उरलंसुरलं, असं तिथं नाही. मार्था घरकामात राबत होती आणि तिची बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली, तर त्यानं तिला स्वयंपाकघरात पिटाळलं नाही. मार्थेच्या कष्टांवरही त्याचं प्रेम होतंच. आणि तो मरणातून उठला त्या सकाळी कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेलाच त्यानं शिष्यांकडे निरोप देऊन पाठवलं. आधी एखादा पुरुष बोलावून आण, असं म्हणाला नाही. बायकांनी गप्प राहावं असं जिथं लिहिलं आहे, ती ओळ मी तुझ्यापासून लपवत नाही. तिच्यावर वर्षभर डोकं फोडलं आहे. पण ती लिहिणाऱ्या प्रेषितानंच एका बाईला मंडळीची सेविका म्हटलं आणि तिचं मानानं स्वागत करा म्हणून कळवलं. दोन्ही ओळी त्याच्याच आहेत.

आणि हे सगळं मला पहिल्यांदा कोणी सांगितलं? तूच. तोंडात टाचण्या धरून, अर्धे शब्द गिळत. तू म्हणतेस तू हातानं सेवा केलीस. अगं, माप द्यायला आलेली एकही बाई तुझं प्रवचन ऐकल्याशिवाय त्या दुकानातून सुटली नाही! हलता येत नसे बिचारीला. मला पुरुष व्हायचं नाही, आत्या, आणि तुझ्यापेक्षा मोठंही व्हायचं नाही. देवानं मला बाई म्हणून घडवलं आणि बाई म्हणूनच हाक मारली, असं मला अगदी मनापासून वाटतं.

वीस तारखेच्या आत कमिटीला उत्तर द्यायचं आहे. झगा नसेल तर साध्या कपड्यात उभी राहीन. पण तुझा आशीर्वाद नसेल तर मी नकार कळवणार. हा हट्ट नाही. तुझं मन मोडून मला त्या मंडळीत उभंच राहता येणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी भिंगरी

ता. १६ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आधी उठ आणि कमिटीला होकार कळव. बाकीचं पत्र मग वाच.

कळवलास? आता ऐक. तुझं पत्र मी महिला मंडळात वाचून दाखवलं. बेकरीवालीनं नाक मुरडलं, नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि चहा गार होईपर्यंत सगळ्या भांडल्या. फार वर्षांनी मंडळात इतकी मजा आली. पण मला पटलं ते तिथं नाही, कापडाच्या टेबलावर.

झालं असं की पुरतं पटलेलं नसतानाही हात स्वस्थ बसेनात. आजवरच्या चारही पाळकांचे झगे मी एकाच कागदी नमुन्यावर बेतले होते. म्हटलं, हाच घेऊ आणि तुझ्या मापाला आवळू. शिवून पुतळ्यावर चढवला, तर छातीवर ओढतोय, कमरेला पोतं आणि कॉलरमध्ये दोन माना मावतील. इथं आवळलं तर तिथं चुणी. दोनदा उसवला. तिसऱ्यांदा उसवताना मात्र मीच थांबले. पुरुषाचा झगा आवळून बाईचा करायला निघाले होते मी! देवानं तर बाई अशी केली नव्हती. पुरुष लहान करून, इथं तिथं टाके घालून नव्हे, तर तिला मुळापासून तिच्याच मापानं घडवलं. चाळीस वर्षं कात्री हातात असून माझ्या डोक्यात हे आलं नाही. तो नमुना टराटरा फाडला आणि सेक्रेटरींना नवं कापड आणायला पिटाळलं. बिचाऱ्यांना कारण कळलं नाही, पण गेले.

ती गप्प राहण्याची ओळ मला अजून टोचते. तू आलीस की त्यावर भांडू, तयारीनं ये.

झगा आज पूर्ण झाला. तुला वाढवताना मी रोज आशीर्वाद दिला, पत्राच्या माथ्यावरही तोच लिहीत आले. पण पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी तू हात उंचावून आशीर्वाद देशील आणि मी पहिल्या बाकावर मान लववून तो घेईन. या विचारानं काल बाह्या जोडताना इतकी रडले की कापड पुन्हा इस्त्री करावं लागलं. आनंदानं गं, दुसरं काही नाही. आधीच्या पाळकांचे हात आशीर्वाद देताना खांद्याच्या वर जात नसत, कारण बाही जोडायचे माझे मुंढे घट्ट असत. ते बोलले नाहीत आणि मला सुचलं नाही. तुझे मुंढे मी मोकळे ठेवले आहेत. हात चांगले उंच कर, बाळे. शेवटच्या बाकापर्यंत पोचू दे.

लोभ आहे तो वाढतच राहो.
तुझ्या मंडळीतली,
आत्या