एक चमचा

सोमवार, ३

आलो एकदाचा! खोली म्हणजे औषधांच्या दुकानामागचं खुराडं, पण त्या खुराड्याच्या छतावर ती चालते. वरच्या मजल्यावर मालकांच्या बायकोचं पाळणाघर आहे. सगळे त्यांना काकू म्हणतात. माझी ती त्यांच्याकडे मुलं सांभाळायला असते.

कॉलेज सुटलं म्हणून बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. सुटलं कसलं, मी सोडलं. पेपर चालू असताना पर्यवेक्षकाने आमच्या दोघांवरून टोमणा मारला, मी उत्तरपत्रिका त्याच्या टेबलावर आपटली आणि तडक बाहेर. तिने अट घातली आहे की चार महिने एका जागी टिकून दाखव, मग घरी येऊन माझ्या वडिलांशी बोल. टिकतो. दातओठ खाऊन टिकतो.

गल्ली छान आहे. घरोघरी लहान मुलं, तरी दुपारी इतकं शांत की घड्याळाचा काटा ऐकू येतो. एकही पोर रडत नाही. आमच्या आळीत दुपारी नुसता शिमगा असतो. इथल्या आयांना दंडवत!

मंगळवार, ४

काम सोपं. मोठ्या कॅनमधलं सर्दीचं गुलाबी औषध छोट्या बाटल्यांत भरायचं, बुचं घट्ट करायची आणि बोटभर रुंद कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवायचं. मालकांनी मजकूर सांगितला, सर्दीसाठी, दुपारी, एक छोटा चमचा. पट्टीवर एवढं मावेना, म्हणून 'छोटा' गाळला. अक्षर मात्र मोत्याच्या दाण्यासारखं आलं. चाळीस बाटल्या झाल्या. मालक चष्मा न लावताच वा वा म्हणाले.

दोन ते चार दुकान बंद. मालक शटर ओढून बाहेरून कुलूप घालतात, मी आत. चोरांची फार धास्ती. मागे दार नाही, फक्त वर हाताएवढा झरोका. दोन तास आढ्याकडे बघत पडायचं. आढ्यावर ती आहे म्हटल्यावर चालतं.

गुरुवार, ६

तिच्या बहिणीचा मुलगाही पाळणाघरात असतो. वय साडेतीन, तोंडाला कुलूप नाही, म्हणून नाव पडलं पोपट. मला बघताच मामा म्हणाला. डोकंच फिरलं माझं! मावशीचा भाऊ तो मामा, मावशीचा नवरा तो काका, हे पोराला कोण समजावणार? जिन्यात गाठून पढवलं, काका म्हण. वरून ती खिदळत म्हणाली, हा कुठला काका, हा तर मालकांचा चमचा. झालं. तेव्हापासून मी चमचाकाका.

चमचा तर चमचा. काका तर झालो!

दुपारी झाडूच्या दांड्याने छतावर तीनदा ठोकलं. वरून पोपटाने तीनदा टाच आपटली. आता रोजचा खेळ हा.

शनिवार, ८

तीन वेळा फोन केला, तिने उचलला नाही. फोन भिंतीवर आपटला. तुकडे झाले. मग कळलं की कामाच्या वेळी काकू सगळ्यांचे फोन कपाटात ठेवतात. शाबास माझी.

बाटल्या भराभर जातात. एका आईला विचारलं, बाळाला फार सर्दी आहे का? ती म्हणाली, सर्दी कसली, होऊ नये म्हणून देते. आणि खरं सांगू का, दोन तास पाठ टेकते हो माझी. शेजारची म्हणाली, ही नवी बाटली आधीच्यापेक्षा गुणाची आहे. मालक माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो.

मंगळवार, ११

मी तीन ठोके दिले. वरून दोनच आले.

संध्याकाळी पोपट तिच्या खांद्यावर मान टाकून जिना उतरला. डोळे उघडे होते. चमचाकाका म्हणाला नाही. मी जीभ काढून दाखवली तर नुसता बघत राहिला, जसं काही मी भिंत आहे.

गुरुवार, १३

झाडताना कॅन सरकवला. जी बाजू नेहमी भिंतीकडे असते तिच्यावर ठळक छापलंय की चार वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये, जास्त झाल्यास श्वासाला धोका. मालकांना विचारलं. ते म्हणाले, कंपन्या छापतातच असं, हात झटकायला. त्यांनी कॅन पुन्हा भिंतीकडे फिरवला.

तिला विचारलं, पोपटाला सर्दी आहे का? ती म्हणाली, काकू सरसकट सगळ्यांना देतात, शिंक असो नसो.

पोपट साडेतीनचा.

शनिवार, १५

बाटल्या पोचवायच्या निमित्ताने पावणेदोनला वर गेलो. सतरंजीवर अठरा मुलं ओळीने. ती औषध देत होती. हातात जेवणाचा मोठा चमचा. काठोकाठ. मुलं न सांगताच तोंड उघडत होती.

मी म्हणालो, हा केवढा चमचा! तिने बाटली माझ्यासमोर धरली. एक चमचा, असं तूच लिहिलंयस ना. आधीच्या पट्टीवर छोटा होता, आता डोस वाढवला असेल म्हणून काकूंनी चमचा बदलला.

माझं अक्षर. मोत्याच्या दाण्यासारखं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. मग चार महिने आठवले, तिचं घर, तिचे वडील. म्हणालो, बरं.

खाली आलो. वर अठरा मुलं एका लयीत श्वास घेत होती. छतातून ऐकू येत होतं. एकच कोणीतरी भलं मोठं झोपलंय, असं.

मी तीन. वरून एक.

सोमवार, १७

काल रविवार होता. दिवसभर नव्या पट्ट्या लिहिल्या. बारीक अक्षरात, 'छोटा' घालून. घरोघर गेलो. दारं उघडली, मग मिटली. एकजण म्हणाली, छोट्याने झोपत नव्हतं, मोठाच बरा. दुसरी म्हणाली, आम्हाला शिकवतोस, कॉलेज तरी पुरं केलंस का? पाळण्यातलं बाळ माझ्याकडे बघत होतं. पापणी हलत नव्हती.

आज मालकांना सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पट्टी वाचली, शांतपणे काउंटरवर ठेवली. म्हणाले, अक्षर तुझं आहे. मग म्हणाले, डोकं गरम आहे तुझं, थोडा चहा घे, वरचं मी बघतो.

चहा गोड होता. फार.

मंगळवार, १८

झोपलो होतो. सोमवारी दुपारपासून आत्तापर्यंत? मालक म्हणतात, थकला होतास. वर काय केलं, विचारलं. म्हणाले, बघतो म्हटलं ना.

बाटल्या त्याच. पट्ट्या त्याच. कॅन भरलेला.

पुन्हा चहा. नको म्हणालो. उभे राहिले समोर, कप संपेपर्यंत.

बुधवार, १९

आज तिला सांगणारच. पोपटाला उचलून डॉक्टरकडे ने, चूक माझी आहे, घरी येत नाही मी, नको करू लग्न, पण त्याला—

दोनला पाच कमी होते. मालकांनी जिन्याआधीच गाठलं. कप हातात. अर्धा पिऊन झाल्यावर कळलं, तळाशी गुलाबी.

शटर. कुलूप.

हाका मारल्या, वर तिला रोजचा खेळच वाटत असेल. शटर बडवलं. गल्लीत कोणी नाही, आया आडव्या झाल्यात, मुलं—

ठोकलं तीनदा. काही नाही.

तीनदा. काही नाही.

वरचा तो एकच मोठा श्वास. जातो. थांबतो. मोजतोय मी. सात. आठ. येतो.

तीनदा. एक टाच. पोपट! एकच. हळू. मग घसरल्यासारखी.

झाडू हातातून पडला. डोळे मिटतायत. थोबाडीत मारून घेतली.

शटरच्या खाली फट आहे. बोटभर. पट्टी जाईल. बाहेर कोणीतरी उचलेल, ती चारला उतरेल तेव्हा, नाही, चारला नको, आत्ता— मुलांना उठवा, चमचा—

पट्टी अरुंद आहे. सगळं मावणार नाही. या वेळी आधी तोच शब्द लिहितो. आधी वहीत लिहून बघतो, मावतं का—

छो