नानांचा फेटा

१ ऑगस्ट १९९४, निमगाव केतकी
बारामतीहून सकाळच्या एस.टी.ने आलो. दुपारपर्यंत घरमालकीण मालनबाईंच्या ओसरीलगतच्या खोलीत पुस्तकेही लावून झाली. उद्यापासून अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे, तेही माझ्या पद्धतीने! मालनबाईंचे पती नाना मला पाहताच म्हणाले, "मास्तर, तुमचं कान लई मोठं हायेत!" मालनबाई ओशाळल्या. दोन वर्षांपूर्वी सणसरला पाण्याचे इंजिन सुरू करताना हँडल उलटे फिरून नानांच्या कपाळावर बसले. तेव्हापासून मनात येईल ते तोंडावाटे बाहेर पडते. गाव म्हणते, बाहेरची बाधा आहे.

४ ऑगस्ट
मालनबाईंना सगळे सविस्तर समजावले. उसाची भरलेली ट्रॉली उताराला लागली की ब्रेक दाबावा लागतो; कपाळामागचा मेंदूचा भाग तेच काम करतो. विचार, राग, हसू मागून उसळत येतात. तो त्यांना थोपवतो, पारखतो आणि योग्य तेवढेच पुढे जाऊ देतो. नानांचा तो भाग दुखावला आहे, इतकेच. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यांचा दोष न्हाय. एवढं कुनी सांगितलंच न्हवतं बगा."

९ ऑगस्ट
वर्गात प्रत्यक्ष उदाहरण दाखवले तर! महाविद्यालय नानांचा सत्कार करणार आहे, असे मालनबाईंना सांगितले. खरे सांगितले असते तर त्यांनी पाठवले नसते.

११ ऑगस्ट
मालनबाईंनी नानांना परीटघडीचे धोतर दिले, गुलाबी फेटा बांधून दिला. मी वर्गात त्यांच्या हाती नारळ ठेवला आणि स्वतःच्या हाताने तो फेटा उतरवून छडीने कपाळावरचा खळगा दाखवला. भर वर्गात बोडक्या डोक्याने उभ्या नानांनी विचारले, "झाला का सत्कार, मास्तर?" मुले हसली. मीही हसलो. हे लिहिताना मान वर होत नाही. फेटा माझ्याकडेच राहिला.

१४ ऑगस्ट
मालनबाईंना कळले. चहा उंबऱ्याबाहेर ठेवून जातात. क्षमेची वाक्ये जुळवत होतो, तोच मनात आले, यांना काय कळते. ओसरीवरून नाना बोलले, माझ्या आवाजात, माझ्या शुद्ध भाषेत: "यांना काय कळते."

१६ ऑगस्ट
मी थोपवलेला प्रत्येक विचार नाना बोलतात. मालनबाई ऐकतात. आज कपाळ चाचपले. कातडी अखंड, पण बोट आत—

१८ ऑगस्ट
नाना बरे झाले. अदबीने नमस्कार करतात. त्यांचे कपाळ सपाट. खळगा आता माझ्या— वर्गात मी काय बोललो— मुली उठून गेल्या—

१९ ऑगस्ट
फेटा परत द्यायला गेलो. "क्षमा करा" एवढेच म्हणायचे होते. हसू आले. मालनबाई रडत होत्या आणि मी हसत— नानांनी फेटा घेतला, माझ्याच डोक्याला हळुवार बांधला. म्हणाले, तुमचा दोष न्हाय, मास्तर.
दोष माझाच आहे. निदान कागदावर तरी: मालनबाई, मी खोटे बोललो, मला क्षमा— म्हातारी रडते कशी बघा, पदर तोंडात कोंबून— नाही, हे मी लिहीत न—